एक्केचाळीस नंबरची बॅटरी

"त्या खोक्याला हात लावलास तर याद राख," हौसाबाई म्हणाल्या आणि माझ्या आणि बॅटरीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

मी हात मागे घेतला. माझ्या मागे दारातच कुलथे साहेब उभे होते, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. घर एका खोलीचं, वर पत्रा, बाहेर एप्रिलचं ऊन. आत खाटेवर हौसाबाईंचे यजमान, भानुदास गर्जे, भिंतीला टेकून बसले होते. नाकात नळी. नळी खाटेशेजारच्या यंत्रात गेलेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र. ते घुरघुरत होतं. यंत्रापासून हातभर अंतरावर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरखाली आमची बॅटरी. हिरवा खोका, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कुलथे एनर्जी, अहमदनगर' आणि खाली शाईने लिहिलेला आकडा, ४१.

झाकण मधोमध वर आलं होतं. कोपऱ्यांतले स्क्रू ताणले गेले होते. आणि खोलीत एक वास होता, गोडसर, नखं रंगवायच्या रंगासारखा. तो वास मी ओळखत होते. सेल फुटून आतलं द्रव बाहेर यायला लागलं की तो येतो.

ही गोष्ट २०१९ सालची. कुलथे साहेबांचा कारखाना तेव्हा बंद होऊन चार महिने झाले होते. नगरच्या एमआयडीसीत त्यांचा छोटा गाळा होता. बाहेरून सेल आणायचे, ते जोडून, खोक्यात बसवून, ई-रिक्षांना बॅटऱ्या करून विकायच्या. मी आयटीआय करून तिथे लागले आणि पुढे चाचणीचं काम माझ्याकडे आलं. आम्ही दोनशेच्या वर बॅटऱ्या विकल्या. बहुतेक चांगल्या चालल्या. पण २०१६ साली आलेल्या सेलच्या एका खेपेत दोष निघाला. त्या खेपेच्या चौसष्ट बॅटऱ्या आम्ही बनवल्या होत्या. तीन वर्षांत त्या एकेक करून फुगायला लागल्या. शेवगावला एक रिक्षा उभ्या जागी जळाली. आत कोणी नव्हतं, नशीब.

तेव्हा असा काही नियम नव्हता की ज्याने बॅटरी बनवली त्यानेच ती परत न्यावी. सेल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. साहेबांच्या मुलाने सांगितलं, "बाबा, कंपनी बंद झालीय. आता कोण विचारतंय?" साहेब सोनाराच्या घरातले. त्यांच्या आजोबांचं दुकान होतं. ते मुलाला म्हणाले, "आपल्या छापाचा दागिना पन्नास वर्षांनी आला तरी आजोबा परत घ्यायचे. माल कुणाचा हे छापावरून ठरतं, दुकान उघडं आहे की नाही यावरून नाही." आणि त्यांनी विक्रीची वही काढली. मला बोलावलं. कामावरची माणसं सगळी गेली होती, मी एकटी गेले.

चार महिन्यांत, ती जळालेली धरून, त्रेसष्ट बॅटऱ्या आम्ही गोळा केल्या. जामखेड, कर्जत, श्रीरामपूर, पार बीडपर्यंत. कुठे रिक्षातून काढल्या, कुठे भंगारवाल्याकडून सोडवल्या, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. वाळू भरलेल्या पिंपात घालून त्या एका रिसायकलिंगवाल्याकडे पोचवल्या. राहिली फक्त एक्केचाळीस नंबरची. ती ज्या रिक्षात होती तिचा मालक अंकुश गर्जे. तो फोनवर म्हणाला, "रिक्षा मोडीत काढली ताई. बॅटरी गावाकडं चुलत्याच्या घरी पडून आहे. घेऊन जा."

तो म्हणाला पडून आहे, म्हणून आम्ही तेवढ्याच तयारीने आलो. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, आमचा बॅटरीवर चालणारा तीनचाकी टेम्पो घेऊन. टेम्पोत एक बॅटरी चालवायला आणि एक परतीसाठी राखीव.

"पडून कुठं हाय?" हौसाबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, हिच्यावरच ह्यांचा श्वास चाललाय. लाइट दुपारी एकला जाते ती पाचला येते. कधी आधीच जाते. ही बॅटरी यायच्या आधी मी पदरानं वारा घालत बसायची. ओठ निळे पडायचे. तुम्ही ही नेणार, मंग मी काय करू?"

साहेब पुढे आले. "मावशी, ही बॅटरी आता चांगली राहिलेली नाही. बघा, फुगलीय. ती पेटू शकते. आणि शेजारी ऑक्सिजन. ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर विझवायला वेळच मिळत नाही."

"वर्षभर नाय पेटली."

"आता पेटू शकते."

"आन् न्हेली तर हे आजच जातील. तुम्हीच सांगा, कुठलं मरण बरं?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होत आले होते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर टेम्पोकडे. मला त्यांच्या मनातलं कळलं. राखीव बॅटरी इथे दिली तर आम्ही परत कसे जाणार हा प्रश्न होता, पण तो नंतरचा.

"आमच्याकडे दुसरी आहे," ते म्हणाले. "चांगल्या खेपेतली. ती इथे बसवतो आणि ही घेऊन जातो. मग तर झालं?"

हौसाबाई बाहेर गेल्या, टेम्पोतला खोका बघून आल्या. तोच हिरवा रंग, तीच पांढरी अक्षरं.

"ही पण तुमचीच."

"हो."

"ही फुगणार नाय याची हमी कोण देतंय?"

"आम्ही," साहेब म्हणाले.

"आन् हिची कोणी दिलेली?"

त्यांनी फुगलेल्या खोक्याकडे बोट केलं. त्या वाकल्या. खोक्याच्या बाजूला चिकटवलेला छोटा कागद त्यांनी बोटाने पुसला. सातवीपर्यंत शिकल्या होत्या, असं नंतर कळलं. एकेक अक्षर लावून त्यांनी वाचलं, "चाचणी पूर्ण. सही... सु. ढगे. ही कोण?"

"मी," मी म्हणाले. "सुवर्णा ढगे."

"मंग तू तपासलीवतीस ना ही?"

साहेब माझ्या वतीने बोलणार होते. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, त्रेसष्ट दारांत ते त्यांनी म्हटलं होतं: चाचणी झाली होती, पण सेलमध्ये छुपा दोष होता. ते वाक्य प्रत्येक वेळी ऐकताना मी खाली बघत असे.

त्या दिवशी मी खाली बघितलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "ही मी तपासली नाही."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"एक बॅटरी तपासायला सहा तास लागतात," मी हौसाबाईंना सांगत होते, पण आवाज साहेबांपर्यंत जात होता. "पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची, तेव्हा कुठला सेल कच्चा आहे ते कळतं. आमच्या यंत्रावर एका वेळी दोनच बॅटऱ्या तपासता यायच्या. माल न्यायला ट्रक सकाळपासून उभा होता. ड्रायव्हर ओरडत होता. साहेब त्या दिवशी पुण्याला गेले होते. त्या ट्रकमध्ये जाणाऱ्या वीस बॅटऱ्यांवर मी नुसते कागद चिकटवले आणि सह्या केल्या. ही त्या विसातली आहे. साहेबांना हे माहीत नाही. आत्ता कळतंय त्यांना."

यंत्र घुरघुरत होतं.

हौसाबाईंचा चेहरा लाल झाला. "वर्षभर मी ह्याच्याशेजारी झोपते," त्या म्हणाल्या. "डोक्यापाशी. आन् तू..." त्यांनी दाराकडे बोट केलं. "निघ. निघ आधी घरातून."

मी निघाले नाही. मी ठरवलं होतं की ही बॅटरी घेतल्याशिवाय त्या घरातून निघायचं नाही, मग त्यांनी मारलं तरी चालेल.

खाटेवरून आवाज आला. भानुदासांचा. ते एका श्वासात तीन-चार शब्दच बोलू शकत. मधे थांबायचे, नळीतून हवा ओढायचे, मग पुढे.

"फौंड्रीत होतो मी. तीस वर्षं. नगरलाच." थांबले. "ओतकामात भोक राहिलं... की पुट्टी भरायचो. वरून रंग. पाठवून द्यायचो." पुन्हा थांबले. "सुपरवायझर म्हणायचा, गाडी उभी आहे. आम्ही म्हणायचो, होय."

"तुम्ही बोलू नका," हौसाबाई म्हणाल्या.

"बोलू दे. कुणी आलं नाही... परत. ओतकाम कुठं गेलं... कुठल्या गाडीत बसलं... कुणाला लागलं... कधी विचारलं नाही मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही आली. हौसा... करू दे तिला."

हौसाबाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. आणि त्याच वेळी पंखा थांबला.

लाइट गेली होती. एकला पंधरा मिनिटं कमी असताना. इन्व्हर्टरने टक् असा आवाज केला आणि यंत्राचा सगळा भार एक्केचाळीस नंबरच्या बॅटरीवर आला.

साहेबांनी खोक्यावर तळहात ठेवला. "गरम होतेय, सुवर्णा."

माझ्याकडे तापमान मोजायचं छोटं उपकरण होतं. एक्केचाळीस अंश. बॅटरीचा नंबर आणि हा आकडा एकच होता, तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी ते साहेबांच्या हातात दिलं. "दर मिनिटाला सांगत राहा. पंचावन्नच्या वर गेली तर सगळं सोडून यांना उचलून बाहेर न्यायचं."

आम्ही दोघींनी राखीव बॅटरी टेम्पोतून आत आणली. मी आणि हौसाबाई. त्यांनी दुसरी बाजू धरली. तीस किलोचा खोका, पण त्यांनी तो असा उचलला जसा मी रिकामा उचलला असता.

मी वायर काढायला पाना घेतला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी तपास. माझ्यासमोर."

"मावशी, सहा तासांची चाचणी आत्ता..."

"जेवढी होईल तेवढी. पण खरी."

"पंचेचाळीस," साहेब म्हणाले. "सुवर्णा, वेळ नाही. सरळ जोड."

मी साहेबांकडे पाहिलं. ट्रकचा ड्रायव्हर ओरडत होता तेव्हा मी हेच केलं होतं, न तपासता माल पुढे सोडला होता.

"आहे वेळ," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतील."

मी राखीव खोक्याचं झाकण काढलं. आत सेलचे तेरा संच. टेम्पोतला हॅलोजन दिवा जोडून तिच्यावर भार टाकला आणि मीटरच्या सुया एकेका संचाला लावत गेले. हौसाबाई माझ्या खांद्यावरून वाकून आकडे वाचत होत्या. "चार पॉइंट झिरो नऊ. चार पॉइंट झिरो आठ. हे बरोबर?"

"सगळे जवळजवळ सारखे यायला हवेत. एखादा खाली गेला तर तो कच्चा."

"चार पॉइंट झिरो नऊ," त्या वाचत राहिल्या.

"अठ्ठेचाळीस," साहेब म्हणाले. मग, "एकोणपन्नास."

नवव्या संचाला आकडा हलला. मी सुई काढून, टोक पुसून पुन्हा लावली. चार पॉइंट झिरो आठ. तेरावा झाला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"चांगली आहे," मी म्हणाले. "आता यंत्र बंद करावं लागेल. जोडेपर्यंत. तीन-चार मिनिटं."

हौसाबाई खाटेवर जाऊन बसल्या. यजमानांना त्यांनी पुढे वाकवलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले. दम लागलेल्या माणसाला तसं बसवलं की बरं पडतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "हळू घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्यासंगं घ्या." मग माझ्याकडे न बघता, "कर बंद."

मी बटण दाबलं.

यंत्राची घुरघुर थांबली तेव्हा त्या खोलीत केवढी शांतता होती ते कळलं. मग भानुदासांचा श्वास ऐकू यायला लागला, आधी लांब, मग आखूड, मग करवत चालवल्यासारखा. मी तिकडे बघितलं नाही. काळी वायर आधी. बोल्ट गंजला होता, सरकेना. पाना निसटून बोटाचं साल गेलं. पुन्हा लावला. सुटला. लाल वायर. त्यावर रबरी टोपी. साहेबांनी जुना खोका मागे ओढला, मी नवा पुढे सरकवला. लाल आधी, मग काळी. घट्ट केली. हाताने ओढून बघितली. दोनदा.

इन्व्हर्टर सुरू झाला. यंत्राने लांब पीप् केलं, क्षणभर काहीच नाही, आणि मग घुरघुर सुरू झाली.

भानुदासांचे ओठ जांभळे पडले होते. ते परत माणसासारखे दिसायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. हौसाबाईंनी त्यांचं तोंड पदराने पुसलं. मग उठल्या.

"हे धूड कुठं न्यायचं?"

"लांब. जिथे वाळू आहे आणि माणसं नाहीत."

"वढ्यात."

पन्नास अंशाचा खोका उघड्या हातांनी धरवत नव्हता. त्यांनी गोणपाटं भिजवायला घेतली, पण फुटलेल्या सेलला पाणी चालत नाही, मी कोरडीच मागितली. एका फळीवर खोका ठेवला, दोरीने आवळला. एक बाजू मी धरली. दुसरी धरायला साहेब वाकले, अडुसष्ट वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेले.

"सरका, साहेब," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही ह्यांच्यापाशी बसा."

आम्ही दोघी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यापर्यंत ती फळी घेऊन गेलो. वाटेत बायका विचारत होत्या, काय गं हौसे, काय हाय? "लांब ऱ्हावा," एवढंच त्या म्हणत होत्या. ओढ्याच्या पात्रात वाळूचा खड्डा केला, खोका आत ठेवला, वर वाळू लोटली. मग पन्नास पावलांवर बाभळीच्या सावलीत बसलो.

"विसातल्या बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस मिळाल्या. ही शेवटची."

"कुणाला काय झालंवतं?"

"नाही. जळालेली रिक्षा त्या विसातली नव्हती. तपासलेल्यांतली होती."

त्यांनी वाळूच्या ढिगाकडे बघितलं. "म्हंजी तपासूनबी पेटली असती."

"असती किंवा नसती. पण मग माझी सही खरी असती."

त्या उठल्या आणि घरी गेल्या. थोड्या वेळाने साहेब आले. ते माझ्यापासून दोन हात लांब बसले. म्हणाले, "तीन वर्षं."

"हो."

"त्रेसष्ट घरांत मी सांगत फिरलो, चाचणी झाली होती म्हणून. मला खोटं बोलायला लावलंस."

"हो, साहेब."

"म्हणून एकही दिवस रजा घेतली नाहीस."

मी मान हलवली.

"आत्ता तुला कामावरून काढलं असतं," ते म्हणाले. "पण कारखानाच नाही. काढू कुठून?" ते हसले नाहीत. त्या दिवशी परत ते माझ्याशी बोलले नाहीत. मात्र रिसायकलिंगवाल्याची गाडी तिसऱ्या दिवशी आली तोवर ते माझ्याबरोबर त्याच गावात राहिले, आणि नगरला परतल्यावर त्यांनी वीसही पत्रं स्वतः लिहिली. तुमची बॅटरी तपासली गेली नव्हती, आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं, क्षमा असावी. खाली सही त्यांनी केली आणि मग कागद माझ्याकडे सरकवला. मी त्यांच्या सहीखाली माझी केली.

एक्केचाळीस नंबरची बॅटरी वाळूत पेटली नाही. रिसायकलिंगवाल्याकडे उघडल्यावर तिच्यातले तीन संच आतून काळे निघाले. घरात पेटली असती का, मी तिथल्या माणसाला विचारलं. सांगता येत नाही, तो म्हणाला.

भानुदास अजून दीड वर्ष जगले. गेले ते झोपेत, बॅटरीचा काही संबंध नव्हता. महिन्याभराने हौसाबाईंचा फोन आला. "तुमची बॅटरी मोकळी झाली. येऊन बघून जा." मी गेले. चांगली होती. मी म्हणाले, दिव्यांसाठी ठेवा. त्या म्हणाल्या, "ठेवते. पण दरसाल येऊन तपासायची." मी दरसाल जाते. साहेब आता नाहीत. पुढे सरकारने नियम केला, बनवणाऱ्यानेच परत न्यायची, आणि मी एका मोठ्या कंपनीत तेच काम करते. परत आलेल्या बॅटऱ्या घ्यायच्या, मोजायच्या, पुढे पाठवायच्या.

या वर्षी गेले तेव्हा बॅटरीचा दम संपत आला होता. मी म्हणाले, मावशी, आता ही मी घेऊन जाते. त्या हो म्हणाल्या आणि आम्ही दोघींनी ती उचलून अंगणात नेली.

अंगणात बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या. इन्व्हर्टरच्या, स्कूटरच्या, फवारणीच्या पंपाच्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या. काही फुगलेल्या, काही गंजलेल्या. आठवडाभर गावात घरोघर फिरून त्यांनी त्या गोळा केल्या होत्या, प्रत्येकीखाली कोरडी वाळू पसरली होती आणि एकमेकींपासून हातभर अंतर ठेवलं होतं.

"यातल्या तुमच्या किती?" त्यांनी विचारलं.

मी ओळीवरून नजर फिरवली. "एकच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग बाकीच्यांचे धनी हुडक."

मी पिशवीतून वही काढली, पहिल्या खोक्यापाशी बसले आणि त्यावरचं नाव लिहून घ्यायला लागले.